दौऱ्यावरच्या प्रोग्रेसिव्ह रॉक कलाकाराला साथ देताना : खानदेशातील नव्या वादकांसाठी मार्गदर्शक

दौऱ्यावर निघालेला रॉक कलाकार आपला संपूर्ण संच बरोबर घेऊन फिरेलच असे नाही. चार-पाच वादकांचे भाडे, मुक्काम आणि वाद्यांची वाहतूक यांचा खर्च लहान शहरांतल्या कार्यक्रमांतून भरून निघत नाही. म्हणून तो एकटा, फार तर एका सहकाऱ्यासह येतो आणि ज्या गावी कार्यक्रम असेल तिथले वादक जमवून त्यांच्यासह मंचावर उभा राहतो. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक चक बेरी कित्येक वर्षे केवळ आपली गिटार घेऊन फिरत असे आणि साथीदार जागेवरच मिळवत असे. १९७३ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या कार्यक्रमात त्याच्या साथीला गायक-गिटारवादक ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा संच होता. हे तालमीवाचून जमत असे, कारण चक बेरीची बहुतेक गाणी बारा मापांच्या ठरलेल्या चौकटीत आणि तीन कॉर्डमध्ये बसणारी होती. कोणत्याही रॉक वादकाला ती चौकट पाठ असते, एवढेच काय ते विचारायचे असते की स्वर कोणता.

प्रोग्रेसिव्ह रॉकचे तसे नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडलेल्या आणि किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड अशा संचांनी पुढे नेलेल्या या प्रकारात एकेक रचना दहा-वीस मिनिटे चालते, मात्रांचा हिशेब मध्येच बदलतो, आधारस्वर सरकतो आणि एकदा येऊन गेलेला भाग पुन्हा येईलच याची खात्री नसते. अशा कलाकाराने जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला कार्यक्रम ठरवला आणि साथीदार जमवण्याचे काम तुमच्याकडे आले, तर काय करावे, हे या लेखात सांगितले आहे. लग्नाच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात किंवा संगीत विद्यालयात वाजवणारा, वाद्यावर हात बसलेला, पण या संगीताशी संबंध न आलेला वाचक येथे गृहीत धरला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवख्या वादकाला सात किंवा पाच मात्रांची धास्ती वाटते, परंतु खरी अडचण तिथे नसते. रूपक आणि झपताल ज्याच्या कानावरून गेले आहेत त्याला विषम मात्रा नवीन नाहीत. अडचण असते ती रचनेच्या मध्यावर ताल बदलण्याची सवय नसण्यात आणि आता नेमके कुठे आहोत हे ठाऊक नसण्यात. त्यामुळे तयारीचा सर्वांत मोठा वाटा रचनेचा नकाशा तयार करण्यात आणि तो सर्वांच्या डोक्यात सारखा बसवण्यात खर्च झाला पाहिजे.

सुपारी घेण्यापूर्वी

पहिले पाहायचे ते पंचांग. तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी सुरू झाल्या की खानदेशातले चांगले ट्रम्पेटवाले, ऑक्टोपॅडवाले आणि कीबोर्डवाले उन्हाळ्यापर्यंत बँडबरोबर गुंतलेले असतात आणि ऐन तिथीला एखादा वादक मोकळा सापडला, तर तो मोकळा का आहे हे विचारून घ्यावे. चातुर्मासात मंडळी तुलनेने मोकळी असतात, फक्त गणपती आणि नवरात्र सोडून. कार्यक्रमाची तारीख बदलणे तुमच्या हाती नसेल; निदान तालमीच्या संध्याकाळी तरी तिथी टाळून ठरवता येतात.

मग कलाकाराकडून लेखी मागवावे : वाजवायच्या रचनांची यादी, प्रत्येक रचनेचे तो सध्या ज्या रूपात वाजवतो ते ध्वनिमुद्रण, वेग आणि आधारस्वर, तो कोणती वाद्ये स्वतः आणणार आहे आणि कोणता भाग एकट्याने वाजवणार आहे. यांतली दुसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. अल्बममधली रचना आणि मंचावरची रचना यांत पुष्कळदा फरक असतो. मधला एखादा भाग गाळलेला असतो, शेवट वाढवलेला असतो. अल्बम ऐकून तयारी केलेला संच आणि मंचावरच्या रूपाची सवय असलेला कलाकार समोरासमोर आले की उपलब्ध असलेली एकमेव एकत्र तालीम केवळ फरक शोधण्यात संपते.

यादी आली की ती कमी करण्याबद्दल बोलावे, आणि त्यात संकोच करू नये. तीन-चार संध्याकाळींच्या तालमीत नव्या संचाला पाच किंवा सहा रचना नीट बसवता येतात. उरलेला वेळ कलाकाराने एकट्याने वाजवून, किंवा एकाच आधारस्वरावर आणि एकाच तालात मोकळेपणाने खेळता येईल असा एक लांब भाग ठेवून भरावा. अनुभवी कलाकार हे लगेच मान्य करतो. जो करत नाही, जो वीस मिनिटांची, सात-आठ तुकड्यांची रचना चार दिवसांत हवीच म्हणतो, त्याची सुपारी न घेतलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचे थोडक्यात सांगतो : विसार आधी घ्यावा, तालमीच्या संध्याकाळींची बिदागी वेगळी ठरवावी आणि कोणाला किती हे सर्वांच्या देखत बोलून कागदावर लिहावे. बाहेरगावचा वादक असेल तर त्याचे भाडे वेगळे धरावे. पोलीस परवानगी, सार्वजनिक वादनाचा संगीत परवाना, परदेशी पाहुणा असल्यास त्याचा योग्य व्हिसा आणि हॉटेलने त्याच्या मुक्कामाची चोवीस तासांच्या आत सरकारला द्यायची माहिती, ही सर्व कामे आयोजकाची आहेत. तुम्ही फक्त ती झाली आहेत का, हे विचारून ठेवावे.

माणसे कुठून आणायची

सर्वांत कुशल वादकांपेक्षा मोजणारे वादक निवडावेत. ज्याचा हात थोडा कमी चालतो पण जो शांतपणे आवर्तने मोजून नेमक्या जागी येतो, तो या कामात तडफदार वादकाहून मोलाचा ठरतो.

ड्रम्ससाठी ऑर्केस्ट्रातला ड्रमर मिळाला तर उत्तमच, न मिळाल्यास ऑक्टोपॅडवाला आणि तबलजी अशी जोडी करावी. तबलजीने हिशेब धरावा आणि ऑक्टोपॅडवाल्याने वजन द्यावे. बास गिटार वाजवणारा आपल्या भागात शोधावा लागतो. नसेलच तर दोन कीबोर्डवाले घेऊन एकाकडे केवळ बास सोपवावा. सिनेसंगीत वाजवणाऱ्या कीबोर्डवाल्याला डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर दाबण्याची सवय असते. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये वर कॉर्ड बदलत असताना खाली एकच स्वर तानपुऱ्यासारखा धरून ठेवलेला असतो. दोघे दोन वेगळे मूळ स्वर वाजवू लागले की तो सगळा परिणाम चिखलात जातो. म्हणून बासचा मालक एकच असावा आणि दुसऱ्या कीबोर्डवाल्याने डावा हात मांडीवर ठेवावा. आणखी एक सूचना याच वाद्याबद्दल : कीबोर्डमधल्या तयार ऱ्हिदम स्टाइल बंद कराव्यात. त्या बहुतांशी चार किंवा तीन मात्रांच्या असतात आणि चुकून सुरू झालेली एक स्टाइल सात मात्रांच्या भागाची वाट लावते.

बँडमधले ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे मुद्दाम घ्यावेत. १९७० च्या दशकातल्या या संगीतात मेलोट्रॉन नावाचे वाद्य फार वापरले गेले. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणाची फीत असे आणि पट्टी दाबली की ती वाजे. त्या लांब, थोड्या थरथरत्या स्वरांची जागा तीन फुंकवाद्ये मिळून फार चांगली भरतात. शिवाय बँडमास्तरला हाताच्या इशाऱ्यावर वीस माणसे थांबवण्याची आणि उचलण्याची सवय असते, आणि तो गुण पुढे उपयोगी पडणार आहे.

जळगाव, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार ही गावे सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहेत, त्यामुळे वादक चहूकडचे असतील तर तालीम अमळनेरला ठेवणे सोयीचे पडते; धुळ्याची मंडळी रस्त्याने येऊ शकतात. पावसाळ्यात रस्त्याच्या भरवशावर राहून तालमीची वेळ ठरवू नये.

नकाशा

प्रत्येक रचनेसाठी एका पानावर मावणारा नकाशा तयार करावा. हे काम एकाच माणसाने, वाद्य बाजूला ठेवून, कागद-पेन्सिल घेऊन करावे. ध्वनिमुद्रण सुरू करून आधी फक्त भाग वेगळे ओळखावेत. कोणते स्वर आहेत याकडे पहिल्या फेरीत लक्षच देऊ नये. दुसऱ्या फेरीत प्रत्येक भागाच्या मात्रा आणि आवर्तने मोजावीत. तिसऱ्या फेरीत भाग कोणत्या खुणेने सुरू होतो हे लिहावे : गिटारचा वर चढणारा तुकडा, झांजेचा आघात, गायकाचा अमुक शब्द.

नकाशातली एक ओळ साधारण अशी दिसावी : «तिसरा भाग, सात मात्रा (२+२+३), आठ आवर्तने, शेवटच्या आवर्तनात एक मात्रा कमी, लगेच चौथा भाग, चार मात्रा, ड्रम्स पहिल्या आघातावर». एवढे पुरते. स्वरलेखन त्याच पानावर कोंबू नये. ज्याला हवे त्याने ते स्वतःच्या वहीत ठेवावे. ध्वनिमुद्रणाचा वेग यूट्यूबवर किंवा फोनमधल्या प्लेअरवर पाऊणपट करता येतो आणि स्वर तोच राहतो, त्यामुळे दाट जागा उलगडणे पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही.

«एक मात्रा कमी» यासारख्या जागा लाल शाईने लिहाव्यात. आपल्याकडे ताल एकदा धरला की गाणे संपेपर्यंत तो तसाच फिरत राहतो, गायक कितीही दूर गेला तरी सम आपल्या वेळेवर येते आणि वादकाचा सगळा विश्वास त्या परतण्यावर असतो. या संगीतात सम मुद्दाम पुढे-मागे सरकवलेली असते. वादक जिथे अडखळतो ती जागा जवळपास नेहमी दोन भागांच्या सांध्यावर असते, भागाच्या आत नसते.

नकाशा पूर्ण झाला की तो वॉट्सॲपवर सर्वांना पाठवावा, आणि सोबत स्वतःच्या आवाजात पूर्ण रचना मोजून दाखवणारी ध्वनिफीत पाठवावी. मागे ध्वनिमुद्रण हळू आवाजात चालू ठेवून वरून «तिसरा भाग, एक… दोन… तीन…» असे आवर्तन मोजत जावे. ज्या वादकाला वाचण्याची सवय नाही तो ही फीत मोटारसायकलवरून जाता-येता ऐकतो आणि तालमीला येईपर्यंत त्याला रस्ता पाठ झालेला असतो.

मात्रा हातात कशा बसवायच्या

सात मात्रांपासून सुरुवात करावी, कारण त्या या संगीतात वारंवार भेटतात आणि आपल्याकडे रूपक आहे. पिंक फ्लॉइडचे १९७३ मधले «मनी» हे गाणे या अभ्यासाला चांगले आहे. त्याची मुख्य चाल सात मात्रांची आहे, सॅक्सोफोनचा एकल भाग सातमध्येच चालतो, गिटारचा एकल भाग आला की ताल चार मात्रांचा होतो आणि नंतर पुन्हा सात येते. म्हणजे ताल बदलणे आणि परत येणे, हे दोन्ही धडे एकाच गाण्यात मिळतात.

तबलजीला रूपक येतो म्हणून त्याला मोकळे सोडू नये. दोन गोष्टी आधी समजावून द्याव्यात. रूपकाची समेची मात्रा खाली असते. «तीं तीं ना» या बोलांत पहिल्या आघाताला डग्ग्याची घुमारी नसते. रॉकमध्ये नेमक्या त्याच मात्रेवर बास ड्रम आणि बास गिटार एकत्र पडतात. तबलजी सवयीने समेवर हलका राहिला आणि चौथ्या मात्रेवर «धी» देऊन वजन टाकू लागला, तर ऐकणाऱ्याला आणि गिटारवाल्यालाही चौथी मात्रा हीच पहिली वाटू लागते. म्हणून पहिल्या मात्रेवर «धा» द्यावा. दुसरी गोष्ट विभागांची. रूपक ३+२+२ असा आहे, आणि रॉकमधल्या वेगवान सात मात्रा पुष्कळदा २+२+३ अशा असतात. यावर सोपा उपाय असा की रूपकाच्या दुसऱ्या विभागापासून मोजायला सुरुवात करावी. तेच चक्र २+२+३ होते. बोल नवे घ्यावेत : रूपकाच्या रचनेसाठी «तकिट तक तक» आणि उलट रचनेसाठी «तक तक तकिट». हे बोल सर्वांनी, अगदी ट्रम्पेटवाल्यानेही, टाळी देत तोंडाने म्हणावेत आणि तोंडाने स्थिर झाल्याशिवाय वाद्याला हात लावू नये.

दहा मात्रांत अधिक सावध राहावे. झपताल २+३+२+३ आहे, म्हणजे पाचाचेच दोन सारखे अर्ध. रॉकमध्ये दहा लहान मात्रा बहुधा ३+३+२+२ अशा बांधलेल्या सापडतात, आणि झपताल कोणत्याही मात्रेपासून फिरवला तरी ती रचना मिळत नाही. येथे जुनी ओळख मदतीऐवजी अडथळा करते. झपतालाचे नावही न काढता «तकिट तकिट तक तक» असे नव्याने शिकावे. नऊ मात्रांचे भाग «तक तक तक तकिट» असे सांभाळता येतात.

वेगाचा अंदाज आधी येण्यासाठी एक हिशेब करून पाहावा. मिनिटाला १२० ठोके हा मध्यम वेग समजला जातो, परंतु सात-आठमांश (७/८, म्हणजे सात अर्ध्या ठोक्यांच्या) भागात मोजण्याची मात्रा त्याच्या निम्मी असते. म्हणजे एक मात्रा पाव सेकंदाची आणि सातांचे पूर्ण आवर्तन पावणेदोन सेकंदांचे. इतक्या वेळात एक ते सात आकडे म्हणता येत नाहीत. म्हणूनच बोलांचे गट उपयोगी पडतात आणि वेग वाढला की केवळ तीन टाळ्या, दोन आखूड आणि एक लांब, एवढेच धरून चालावे.

कधी कधी गिटार सातात आणि ड्रम्स चारात चालू असतात. हे भांडण वाटले तरी तो साधा हिशेब आहे. सात लहान मात्रांचे तुकडे आणि आठ लहान मात्रांचे माप छप्पन्न मात्रांनंतर एकत्र येतात : गिटारची आठ आवर्तने, ड्रम्सची सात मापे. तिहाईचा हिशेब करणाऱ्या तबलजीला हे सांगितले की त्याचा चेहरा खुलतो. बाकीच्यांनी कोणा एकाची बाजू धरावी आणि दुसऱ्याकडे कान देऊ नये.

स्वर आणि पट्टी

आपले वादक पट्टी काळी-पांढरीत सांगतात आणि पाहुणा इंग्रजी अक्षरांत. म्हणून नकाशावर दोन्ही लिहावे. रॉक गिटारवाल्याची आवडती पट्टी ई, म्हणजे पांढरी तीन. पाठोपाठ ए, म्हणजे पांढरी सहा. बँडमधल्या ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाल्यांना पांढरी तीन अडचणीची जाते. ही वाद्ये बहुधा बी-फ्लॅट जातीची (त्यांवर सी वाजवला की प्रत्यक्षात बी-फ्लॅट ऐकू येतो) असल्यामुळे ई मेजर पट्टीसाठी त्यांना एफ-शार्प मेजरमध्ये, सहा तीव्र स्वर सांभाळत बोटे फिरवावी लागतात.

येथे पाहुण्याला एक विनंती करावी : सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून घ्या. रॉक गिटारवाले हे नेहमी करतात, त्यांची बोटे जिथे होती तिथेच राहतात, गायकाच्या गळ्यालाही आराम मिळतो. पट्टी ई-फ्लॅट, म्हणजे काळी दोन झाली की ट्रम्पेटवाला एफ मेजरमध्ये येतो, तिथे त्याला एकच कोमल स्वर सांभाळायचा असतो. आणि ई-फ्लॅट जातीचा आल्टो सॅक्सोफोन तर सरळ सी मेजरमध्ये वाजतो. कीबोर्डवाल्याने ट्रान्स्पोज बटणाचा आधार घ्यावा, मात्र बटण कोणत्या आकड्यावर आहे हे चिकटपट्टीवर लिहून कीबोर्डला लावावे.

हार्मोनियम घ्यायची असेल तर फोनमधल्या ट्यूनर ॲपवर तिचा धैवत, म्हणजे पांढरी सहा, ४४० हर्ट्झला आहे का ते आधी पाहावे (येथे धैवत म्हणताना पांढरी एकचा षड्ज धरला आहे). जुन्या पेट्या पुष्कळदा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात आणि त्या जागेवर मिळवता येत नाहीत. फरक असेल तर पेटी घरी ठेवावी, भले ती कितीही गोड असो.

सरगम लिहावी की कॉर्ड, यावर मतभेद होतात. आधारस्वर सरकणाऱ्या रचनेत सरगम गोंधळ करते, कारण षड्ज कोणता मानायचा हे प्रत्येक भागात बदलते. म्हणून सुरावट असेल तिथे भातखंडे पद्धतीने सरगम आणि आधारासाठी कॉर्डचे नाव, अशी विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते.

तालमी

पहिल्या संध्याकाळी वाद्ये उघडू नयेत. सर्वांनी गोल बसून नकाशा समोर ठेवावा, ध्वनिमुद्रण लावावे आणि टाळी देत पूर्ण रचना मोजून काढावी. ज्येष्ठ वादकांना हे पोरकट वाटते आणि कोणीतरी «भाऊ, हे काय शाळेसारखं» असे म्हणतोच. तरी आग्रह सोडू नये.

दुसऱ्या संध्याकाळी फक्त सांधे. एका भागाची शेवटची दोन आवर्तने आणि पुढच्या भागाची पहिली दोन, इतकाच तुकडा निम्म्या वेगाने घेऊन न अडखळता सलग पाच वेळा गेला की पुढच्या सांध्याकडे जावे. पूर्ण रचना वाजवण्याचा मोह होतो, कारण त्यात मजा असते. परंतु दहा मिनिटांच्या रचनेत चार अवघड जागा असतील तर पूर्ण रचना वाजवून त्या जागांचा सराव एकदाच होतो. तिसऱ्या संध्याकाळी वेग वाढवून पूर्ण रचना घ्याव्यात, त्या ध्वनिमुद्रित कराव्यात आणि कलाकाराला पाठवाव्यात. तो ज्या सूचना देईल त्या नकाशावर चढवून नवी प्रत काढावी, आणि जुन्या प्रती तिथल्या तिथे फाडून टाकाव्यात, नाहीतर मंचावर दोन वेगवेगळे नकाशे उघडे असतात.

जे वाजवता येत नाही ते सोपे करावे. वेगवान सुरावट असेल तर प्रत्येक गटाचा पहिला स्वर तेवढा वाजवावा. «तक तक तकिट» मधले तीन ठाम स्वर नेमक्या जागी पडले की रचना उभी राहते, आणि मधले भरण पाहुण्याची गिटार करते. चुकीचे चौदा स्वर वाजवणारा साथीदार कोणालाच नको असतो.

वीज, मंच आणि उन्हाळा

अमेरिकेहून आलेली काही उपकरणे १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहे. उपकरणावरचा मजकूर वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नये आणि स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधीच आणून ठेवावा. मंचाचे अर्थिंग विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल तर गिटारच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागताच झटका बसतो, आणि तो नेहमी सौम्यच असतो असे नाही. मिक्सर, कीबोर्ड आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवावेत. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही क्षणांत डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो.

आपल्या साऊंडवाल्यांची व्यवस्था डीजेसाठी बांधलेली असते, छाती हलवणारा खालचा आवाज हे तिचे मुख्य भूषण. या संगीतात बास गिटार वेगळी सुरावट वाजवत असते, ती त्या घुमारीत बुडते. सब-वूफर निम्म्यावर आणायला सांगावे आणि साऊंडचेकच्या वेळी बासवाल्याने एकट्याने वाजवून प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो का हे हॉलच्या मागच्या भिंतीपासून पाहावे.

ड्रमर, बासवाला आणि तबलजी यांना एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसवावे. ध्वनी एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. दहा मीटरांच्या मंचाच्या दोन टोकांना दोघे बसले तर तीस मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि वेगवान भागात तेवढा उशीर लय ओढत असल्यासारखा जाणवतो.

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत खुल्या मंचावरचा साऊंडचेक ऊन उतरल्यावरच ठेवावा, गिटार उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये आणि तापमान बदलले की तारा पुन्हा मिळवाव्यात. खुल्या मैदानात ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालवता येत नाही, हे धरूनच यादीचा क्रम ठरवावा. सर्वांत अवघड रचना शेवटी ठेवली आणि कार्यक्रम उशिरा सुरू झाला, तर सगळी मेहनत नेमकी त्याच रचनेवरची वाया जाते.

पाहुणा आल्यावर

कलाकाराबरोबरच्या एकमेव तालमीत पहिला अर्धा तास केवळ इशाऱ्यांवर द्यावा. उंचावलेली मूठ म्हणजे हे शेवटचे आवर्तन, डोक्याला हात म्हणजे सुरुवातीच्या चालीकडे परत, तळहात खाली म्हणजे आवाज कमी, एवढे तीन इशारे बहुतेक प्रसंगांना पुरतात. वाजवताना पाहुण्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे त्याचे डोके हलवणे किंवा गिटारची मान वर उचलणे यांचा अर्थही विचारून घ्यावा. त्याच्या खुणा सर्वांनी पाहण्याऐवजी बँडमास्तरने पाहाव्यात आणि इतरांनी बँडमास्तरकडे पाहावे. दहा माणसांनी दहा ठिकाणांहून पाहुण्याच्या मानेचा अर्थ लावण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

भाषेची अडचण वाटत असेल तर रचना म्हणून दाखवावी. «तक तक तकिट» कोणत्याही देशाच्या ड्रमरला पहिल्या ऐकण्यात कळते. पाहुणा काही बदलू पाहत असेल तर ते त्याच वेळी, लाल शाईने, सर्वांच्या नकाशावर गेले पाहिजे; चहाच्या वेळी तोंडी ठरलेला बदल मंचावर निम्म्यांनाच आठवतो. आणि एकल वादनाची संधी त्याने देऊ केली तर ती घ्यावी, परंतु एकाच आधारस्वराच्या आणि स्थिर तालाच्या भागात. क्लॅरिनेटवाल्याने तिथे अहिराणी गाण्याची एखादी वळणदार फिरत घेतली तरी चालते, पाहुणे त्यावर खूश होतात.

मंचावर वाट चुकली तर वाजवणे थांबवावे, मान खाली घालू नये आणि बँडमास्तरकडे पाहत पुढच्या भागाच्या खुणेची वाट पाहावी. नकाशावर प्रत्येक भागाची खूण लिहून घेतली आहे ती यासाठीच. अंदाजाने वाजवत राहणारा वादक शेजाऱ्यालाही चुकवतो, गप्प बसलेला वादक प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. संपूर्ण संचच फिसकटला तर ड्रमरने वाजवणे सोडून केवळ झांजेवर साधे ठोके द्यावेत, पाहुण्याला एकट्याने वाजवू द्यावे, आणि बँडमास्तरने बोटांनी पुढच्या भागाचा क्रमांक दाखवून हात खाली आणताच सर्वांनी त्या भागाच्या पहिल्या मात्रेवर एकत्र यावे. ही कृती तालमीत मुद्दाम दोन-तीनदा करून पाहावी : मध्येच एकाने गोंधळ घालायचा आणि बाकीच्यांनी सावरायचे.

कार्यक्रम संपल्यावर साऊंडवाल्याकडून मिक्सरचे ध्वनिमुद्रण त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्यावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याची सुपारी दुसरीकडे असते आणि ते पुसले जाते. उरलेली बिदागी वाटून, पोच लिहून घेऊन मगच मंडळींना गाडीत बसवावे.